पहाडातला चुना, माळव्यातली काळी माती आणि बटाटा

दसरा झाला की इंदूरच्या खताच्या दुकानांत बटाट्याच्या गोष्टी सुरू होतात आणि त्यांत हल्ली एक प्रश्न हटकून येतो: "चुना किती टाकायचा?" विचारणाऱ्याची जमीन देपालपूर नाहीतर सांवेरकडची, काळी, उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडणारी. सल्ला मात्र मोबाइलवर पाहिलेला, कुमाऊं किंवा शिमल्याकडच्या शेतकऱ्याचा. तिथे तो सल्ला योग्य आहे, कारण तिथली माती आंबट आणि चुना आंबटपणा मारतो. इथे म्हणजे गोड शिऱ्यात आणखी वाटीभर साखर.

गोंधळाचं मूळ बहुधा नावात असावं. चोइथराम मंडीत ज्याला नुसतं 'ज्योती' म्हणतात तो बटाटा म्हणजे कुफ्री ज्योती, १९६८ साली आलेलं वाण. कुफ्री हे शिमल्याजवळचं गाव. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ साली शिमल्याला गेली, म्हणून आपल्या ओळखीच्या बहुतेक वाणांच्या नावाआधी 'कुफ्री' लागतं. वाण पहाडातून आलं, पण माती काही त्याच्यासोबत आली नाही. मातीचा हिशोब दोन्हीकडे वेगळा, आणि पहाडातला हिशोब नीट समजला तर माळव्यात चुना का नको हे वेगळं सांगावं लागत नाही. तर आधी पहाड.

पहाडातली जमीन आंबट का होते? मुख्यतः पावसाने. वर्षानुवर्षं पाणी मातीतून झिरपत जातं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतं. त्यांच्या जागी हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम बसतात. शिवाय आपण देतो त्या अमोनियाच्या खतांनी भर पडते. चीडच्या (पाइन झाडाच्या) सुयांना सगळा दोष देण्याची पद्धत आहे, पण ती थोडी अन्यायाची आहे. ताजी सुई आंबट असते खरी. कुजता कुजता तो आंबटपणा बराचसा संपतो. सुयांचं आच्छादन खुशाल करा, हिशोब पावसाचा आणि युरियाचा ठेवा.

बटाटा हे आंबटपणा सोसणारं पीक. सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; ७ च्या जितका खाली तितकी माती आंबट) ५ ते ६.५ मध्ये तो आनंदाने येतो. म्हणून "बटाट्याला चुना लागतच नाही" असं पहाडातले जुने लोक म्हणतात, आणि सामू ५.३-५.४ असेल तर त्यांचं बरोबरही असतं. बिघडतं ते सामू ५ च्या खाली गेल्यावर. ५.५ च्या खाली मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि ५ च्या खाली त्याचं प्रमाण झपाट्याने चढतं. हे विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळाच्या टोकालाच मारतं. महिन्याभराचं झाड अलगद उपटून बघा: निरोगी मूळ पांढरं, लांब, बारीक केसाळ फाट्यांचं. ॲल्युमिनियम लागलेलं मूळ आखूड, जाडसर, तपकिरी, टोकाला बोथट, एखाद्या झिजलेल्या ब्रशसारखं. असं मूळ चार बोटांच्या खाली जात नाही, आणि मग आठ दिवस पाऊस थांबला तरी झाड माना टाकतं. वरून दिसतं पाण्याचं दुखणं, असतं मात्र सामूचं. त्यातच स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतं, त्यामुळे सुपर फॉस्फेट कितीही ओता, पानं गर्द, खुरटी आणि झाड बसकंच. मॅग्नेशियम कमी पडलं की खालच्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसतो.

मग चुना टाकून थेट ७ वर का न्यायचं नाही? कारण खरूज, म्हणजे स्कॅब. स्ट्रेप्टोमायसिस नावाचा जिवाणू सालीवर खडबडीत, बुचासारखे चट्टे पाडतो. सामू ५.२ च्या आसपास किंवा खाली असला की तो दबलेला असतो, ५.५ च्या वर हातपाय पसरतो. खायला तो बटाटा चालतो, पण मंडीत दर पडतो आणि बेण्याला तर कोणी हात लावत नाही. म्हणजे खालून ॲल्युमिनियम आणि वरून खरूज, मधली वाट अरुंद. आमच्या मते पहाडी बटाट्यासाठी लक्ष्य ५.५ चं ठेवावं, ५.८ च्या पुढे बटाट्यासाठी म्हणून एक मूठ चुनाही टाकू नये. "सामू सातला आणा" हे वाक्य गव्हा-हरभऱ्याच्या पुस्तकातलं आहे, बटाट्याच्या नाही.

पण प्रत्येक चट्टा चुन्यामुळे नसतो. थंड, ओल्या पहाडात पावडरी स्कॅब नावाचा वेगळा रोग येतो: आधी फोडासारखा उंचवटा, मग तो फुटून आत तपकिरी भुकटी आणि भोवती सालीची फाटकी किनार. त्याला सामूचं फारसं सोयरसुतक नसतं. तिथे निचरा आणि फेरपालट बघायची. दोन्ही रोगांना एकच नाव देऊन चुन्याला फाशी देणारे बरेच आहेत.

आता मोजणी. पहाडात एका कुटुंबाची जमीन म्हणजे दहा-वीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी स्वतंत्र शेत समजायची. त्यातही एक मेख आहे. पायरी तयार करताना डोंगराकडची बाजू कापतात आणि ती माती दरीकडच्या बाजूला भरतात. म्हणजे आतल्या अंगाला खालची कच्ची माती उघडी पडलेली, बाहेरच्या अंगाला भरावाची. एकाच पायरीत दोन कडांचा सामू वेगळा निघू शकतो. म्हणून रुंद पायरी असेल तर आतला आणि बाहेरचा नमुना वेगळा घ्या. शेणखताच्या ढिगाची जागा, बांध, झाडाचा बुंधा टाळून नागमोडी १०-१२ ठिकाणी १५ सेंटीमीटर खोल इंग्रजी 'व्ही'सारखा खड्डा करा, त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत एकसारखी काप घ्या, सगळी माती घमेल्यात मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोवर आणा. सावलीत वाळवा, २ मिलीमीटरच्या चाळणीने चाळा. चाळणीवर उरलेले दगड फेकू नका, तोलून ठेवा. त्यांचं काम पुढे आहे.

१० ग्रॅम मातीत २५ मिलीलिटर पाणी, अर्धा तास अधूनमधून ढवळणं, मग मीटर. मीटर ४ आणि ७ च्या बफरवर (सामू ठरलेल्या द्रावणांवर) आधी जुळवून घ्यायचं. पाणी डिस्टिल्ड हवं. बॅटरीत घालायचं मिळतं ते चालेल. नळाचं पाणी चालणार नाही. त्यात बायकार्बोनेट असतं आणि आंबट माती उगाच सज्जन दिसते. प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर मोजणी पाण्यात केली की कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात, हे विचारून घ्या. दुसऱ्या पद्धतीत सामूचा आकडा साधारण ०.५ ने कमी येतो, आणि तो न कळता चुन्याचा हिशोब केला तर पोती वाया.

सामू कळला म्हणजे चुना किती हे कळलं असं मात्र नाही, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. सामू ४.८ असलेली रेताड माती थोड्या चुन्यात सुधारते. तेवढाच सामू असलेली, सेंद्रिय द्रव्याने काळपट झालेली चिकण माती तिप्पट चुना गिळूनही जागची हलत नाही. आंबटपणाचा साठा मोजायला प्रयोगशाळेत बफर पद्धत असते. ती हाताशी नसेल तर बरण्यांचा प्रयोग करा. वेळ लागतो, पण उत्तर तुमच्याच मातीचं मिळतं.

पाच बरण्या, प्रत्येकीत चाळलेली कोरडी माती १ किलो. त्यांत अनुक्रमे ०, ०.५, १, २ आणि ३ ग्रॅम शुद्ध, मैद्यासारखं बारीक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. कोरडंच नीट मिसळा, मग डिस्टिल्ड पाणी शिंपडून माती अशी ओली करा की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी सुटू नये. झाकण सैल ठेवा. तीन आठवडे घरात ठेवा, दर चार दिवसांनी ढवळा, कोरडी वाटली तर पाणी द्या. नंतर माती वाळवून सामू मोजा. समजा शून्याच्या बरणीत ४.७ आला, १ ग्रॅमला ५.२ आणि २ ग्रॅमला ५.७. तर ५.५ साठी साधारण १.६ ग्रॅम लागतील.

हेक्टरी १५ सेंटीमीटर मातीचं वजन २२.४ लाख किलो धरतात, म्हणजे किलोमागे १ ग्रॅम म्हणजे हेक्टरी २,२४० किलो. १.६ ग्रॅमचे झाले जवळपास ३६ क्विंटल. आता ते दगड आठवा. वजनाने चौथा हिस्सा दगड निघाले असतील तर तेवढी माती शेतात नाहीच. दगडांना चुना पाजायचा नसतो. ३६ चे २७ क्विंटल झाले. कुमाऊं-गढवालमध्ये जमीन नालीत मोजतात. ५० नाली म्हणजे एक हेक्टर. नालीला ५४ किलो, एका पोत्याहून थोडं जास्त.

हे झालं शुद्ध, बारीक चुनखडीचं. दुकानातलं पोतं तसं नसतं. त्याची दोन परीक्षा घ्या. १० ग्रॅम भुकटीवर पातळ केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड थोडं थोडं घाला (पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही, आणि खिडकी उघडी), फसफस पूर्ण थांबेपर्यंत. खाली उरलेला गाळ धुऊन, वाळवून तोला. २ ग्रॅम उरला तर माल ८० टक्के. दुसरी परीक्षा चाळणीची: पाव मिलीमीटरच्या जाळीतून जाणारी भुकटी वर्षभरात काम करते, त्याहून जाड पण दोन-अडीच मिलीमीटरच्या आतली निम्म्याने, त्यावरची खडी म्हणजे केवळ वजन. समजा ६० टक्के बारीक आणि ४० टक्के मध्यम निघाली, तर बारकाव्याचा गुणांक ०.६ अधिक ०.२, म्हणजे ०.८. शुद्धतेच्या ०.८ ने गुणा: ०.६४. ५४ ला त्याने भागा: नालीला ५४ ऐवजी ८४ किलो. स्वस्त पोतं कितीला पडलं हे या भागाकारानंतर ठरवायचं.

रस्ता संपून खेचरावर माल चढवायचा असेल तर कळीच्या चुन्याचा विचार करायला हरकत नाही. ५६ किलो कळीचा चुना १०० किलो शुद्ध चुनखडीचं काम करतो, विरवलेला असेल तर ७४ किलो. भाडं वाचतं. पण तो त्वचा आणि डोळे भाजतो, झटपट काम करतो आणि जास्त पडला तर सामू एकदम उडी मारतो. उभ्या पिकात किंवा बेण्याजवळ तो नकोच. मॅग्नेशियमची लक्षणं दिसत असतील तर डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडक) घ्या, फक्त तो चुनखडीपेक्षा सावकाश विरघळतो. आणि जिप्सम हा चुना नव्हे. त्यात कॅल्शियम असतं, पण त्याने सामू वाढत नाही. दुकानदार "तेच आहे" म्हणाला तरी ते तेच नाही.

कधी टाकायचा? बटाट्याच्या लगेच आधी तर मुळीच नाही. उंच पहाडात एप्रिल-मे मध्ये लावलेला बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरला निघतो. तो निघाल्याबरोबर, बर्फाच्या आधी चुना पसरावा, आणि पुढचं पीक मटार किंवा कोबी घ्यावं. ही दोन्ही सामू ६ ते ६.८ मध्ये खूश असतात, कोबीच्या मुळांवर गाठी येण्याचा रोगही चुन्याने दबतो. बटाट्याची पाळी परत येईपर्यंत पाऊस आणि खतं सामूला थोडं खाली ओढतात. एकच फेरपालट, पण चुना कोणत्या बाजूला टाकला यावर खरूज ठरते. फक्त कोबीवाल्याच्या नादाने ७ च्या वर जाऊ नका. त्या गाठींसाठी ७.२ ची शिफारस असते आणि ती बटाट्याच्या मुळावर उठते.

वारा नसलेल्या सकाळी, नाकातोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा लावून, निम्मा चुना पायरीच्या लांबीने आणि निम्मा आडवा पसरा. म्हणजे पट्टे राहत नाहीत. मग कुदळीने १५ सेंटीमीटरपर्यंत कालवा. "पावसाने उतरेल खाली" असं म्हणून वरच सोडला तर तो वरच राहतो. चुन्याची खाली जाण्याची गती वर्षाला बोटभरही नसते. वर तीन बोटं सामू ६.५ आणि त्याखाली ४.७ अशी दुमजली माती तयार होते आणि मुळं वरच्या मजल्यावर अडकतात. हेक्टरी २०-२५ क्विंटलपेक्षा जास्त चुना निघत असेल तर दोन वर्षांत वाटून द्या. एकदम जास्त दिला की बोरॉन आणि जस्त मुळांना मिळेनासं होतं, आणि पहाडात बोरॉन आधीच तुटपुंजं असतं.

चुना आणि शेणखत किंवा युरिया एकत्र कालवू नका. अमोनिया उडून जातो. नाकाला झोंबतो तो वास म्हणजे तुमचंच नत्र (नायट्रोजन). किमान दोन-तीन आठवड्यांचं अंतर हवं. रॉक फॉस्फेटची (फॉस्फेटच्या दगडाच्या भुकटीची) गंमत उलटी आहे: ते आंबट मातीतच विरघळतं, म्हणून चुना टाकायचा नाही अशा पायरीवर ते वापरा. चुना दिलेल्या पायरीवर सुपर फॉस्फेट, तेही सरीत बेण्याच्या बाजूला पट्ट्याने.

खतांचा उलटा हिशोबही वहीत ठेवा. हेक्टरी १५० किलो नत्र युरियातून दिलं तर त्याचा आंबटपणा मारायला अंदाजे २७० किलो शुद्ध चुनखडी लागते. तेवढंच नत्र अमोनियम सल्फेटमधून दिलं तर ८०० किलो. दोघांत तिपटीचा फरक. सामू ४.८ वर असताना अमोनियम सल्फेट देणं म्हणजे एका हाताने चुना टाकून दुसऱ्या हाताने काढून घेणं. सामू ५.९ वर गेला असेल आणि खरूज दिसत असेल, तर हेच खत औषधासारखं कामाला येतं.

चुलीतली राख हाही चुनाच समजा, पोटॅश अधिक असलेला. घराजवळच्या पायरीवर पिढ्यान्‌पिढ्या राख पडत असते. दूरच्या शेतात बटाटा गुळगुळीत आणि घरालगत खरूज, असं दिसलं तर आधी त्या राखेवर संशय घ्या.

चुन्याचं काही काम चांगलं कुजलेलं कंपोस्टही करतं, कारण सेंद्रिय द्रव्य विरघळलेल्या ॲल्युमिनियमला बांधून ठेवतं. इथे इंदूरचं नाव यायलाच हवं. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरात होते आणि इथेच त्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांच्या थरांची पद्धत बसवली. जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. त्यातली राख ढिगाचा आंबटपणा मारण्यासाठीच होती. पहाड आणि माळवा यांच्यात देवघेव करायचीच असेल तर ती या मालाची व्हावी.

आता देपालपूरची काळी माती. तिचा सामू बहुधा ७.५ ते ८.५. ढेकळावर पातळ ॲसिडचे चार थेंब टाका, नाहीतर घरातलं व्हिनेगर. फसफसली तर मातीत मुक्त चुना आहेच. पांढरे कंकर डोळ्यांना दिसतातही. अशा मातीत चुन्याला काही कामच नाही. लोह आणि जस्त आणखी अडेल एवढंच.

मग गंधक टाकून आंबट करू का, हा पुढचा प्रश्न. आकडेमोड करा. १०० किलो चुनखडी संपवायला ३२ किलो गंधक लागतं. मातीत मुक्त चुना १ टक्का जरी असला तरी १५ सेंटीमीटरमध्ये हेक्टरी २२,४०० किलो झाला. त्याला ७ टनांहून जास्त गंधक. तो सगळा संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही. हेक्टरी २०-२५ किलो गंधक अन्नद्रव्य म्हणून द्या, पिकाला त्याचा उपयोग होतो. पण त्याने खरूज जाईल ही आशा सोडा.

माळव्यात खरूज आवरायची ती पाण्याने. कंद धरायला लागल्यापासून पुढचे चार ते सहा आठवडे, साधारण लागवडीनंतर तिसाव्या दिवसापासून, वरंबा आतून कोरडा पडू द्यायचा नाही. याच काळात कोवळ्या सालीतून जिवाणू शिरतो आणि ओल्या मातीत त्याला दुसरे जिवाणू मागे रेटतात. बोट वरंब्यात दोन पेरं घाला, ओल लागली नाही तर पाण्याची पाळी उशिरा आहे. ठिबक असेल तर थोडं थोडं, वरचेवर. काळ्या मातीत एकदम भरपूर दिलं तर कंद गुदमरतात आणि सालीवरचे श्वासाचे ठिपके पांढरे फुगून येतात. ते चट्टे नव्हेत, पण मंडीत तेवढा विचार कोणी करत नाही.

कच्चं शेणखत लागवडीच्या तोंडावर घालू नका. बेणं स्वच्छ घ्या. शीतगृहात ठेवण्याआधी, डोळे फुटायच्या आत, धुतलेलं बेणं ३ टक्के बोरिक ॲसिडच्या द्रावणात अर्धा तास बुडवून सावलीत सुकवतात. फुटलेल्या बेण्यावर हे केलं तर कोंब जळतात. मैदानी भागातल्या शिफारशी हव्या असतील तर केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचं केंद्र ग्वाल्हेरला आहे. शिमल्याच्या व्हिडिओपेक्षा ते आपल्या मातीला जवळचं. आणि खताच्या दुकानात जाताना मातीचं एक ढेकूळ आणि व्हिनेगरची छोटी बाटली पिशवीत असू द्या. काउंटरवर ढेकूळ फसफसलं की चुन्याचं पोतं आपोआप परत मांडणीवर जातं.